साडेसहा विरुद्ध सहा : लष्करी पोलोचा हंगाम आणि खेळाडूची घडण

दिवाळीनंतर वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर, बहुधा एखाद्या कोपऱ्यात, दिल्लीच्या किंवा जयपूरच्या पोलो हंगामाची चार ओळींची बातमी येते. एखाद्या लष्करी संघाने सामना साडेसहा विरुद्ध सहा असा जिंकला, एवढेच तिच्यात असते. ठाण्यात तलावपाळीवर सकाळची फेरी आटोपून बाकावर पेपर वाचत बसणाऱ्या एका काकांनी अशीच बातमी माझ्यापुढे धरून विचारले होते, "अर्धा गोल कसा होतो हो? चेंडू एक तर आत जाईल, नाही तर बाहेर." प्रश्न रास्त होता आणि तेव्हा माझ्याकडे त्याचे उत्तर नव्हते. ते शोधू लागल्यावर मात्र कळले की या अर्ध्या गोलाचा धागा धरला, तर लष्करी पोलोचा हंगाम कसा आखला जातो, त्यात नवख्याला जागा कशी मिळते आणि ज्याच्या घराण्यात कोणी घोडा पाळला नाही असा तरुण अधिकारी या खेळात कसा पुढे येतो, हे सगळे उलगडत जाते.

## मैदान, चक्कर आणि घोडे

पोलोमध्ये प्रत्येक संघात चार घोडेस्वार असतात. लांब दांड्याच्या लाकडी हातोडीने, जिला खेळाडू नुसते स्टिक म्हणतात, चेंडू मारत तो दोन खांबांमधून न्यायचा असतो. खांबांमधले अंतर आठ यार्ड, म्हणजे सव्वासात मीटरच्या आसपास असते आणि गोलरक्षक नसतो. मैदान मात्र प्रचंड असते. त्याची कमाल लांबी ३०० यार्ड, म्हणजे सुमारे २७५ मीटर. ठाणे स्थानकात उभी असलेली बारा डब्यांची लोकल त्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत मावेल आणि वर थोडी जागा उरेल. कडेला फळ्या लावलेल्या मैदानाची रुंदी १६० यार्ड असते. सगळे मिळून क्षेत्रफळ दहा एकरांच्या घरात जाते आणि त्यात फुटबॉलची पाच मैदाने सहज बसतात. मुंबई परिसरात हा खेळ महालक्ष्मीच्या रेसकोर्सबाहेर फारसा का दिसत नाही, याचे निम्मे उत्तर या आकड्यातच आहे.

खेळाच्या एका डावाला जगभर ज्या नावाने ओळखतात, तो आपलाच 'चक्कर' हा शब्द आहे. एक चक्कर सात मिनिटांचे असते. सात मिनिटांनी घंटा होते, आणि तेव्हा खेळ चालू असेल तर आणखी अर्धा मिनिट मिळते. सामना चार ते सहा चकरांचा असतो. वेळ इतकी थोडी ठेवली आहे ती घोड्यासाठी. तो ताशी पन्नास किलोमीटरहून अधिक वेगाने धावतो, क्षणात थांबतो, जागच्या जागी वळतो आणि पुन्हा भरधाव सुटतो. म्हणून एकच घोडा सामान्यतः लागोपाठ दोन चकरा खेळवत नाहीत. चार चकरांच्या साध्या सामन्यालाही प्रत्येक खेळाडूला किमान दोन घोडे लागतात, म्हणजे एका संघाला आठ आणि दोन्ही संघांना सोळा. मैदानावरचे दोन पंचही घोड्यावर असतात, ते वेगळेच. पोलोत माणूस एक असला तरी त्याच्यामागे पागा उभी असावी लागते. पुढचे सगळे विवेचन या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

## चेंडूची रेषा

नियम बरेच आहेत, परंतु प्रेक्षकाला एक समजला तरी सामना कळू लागतो. चेंडू मारला की तो ज्या दिशेने जातो, ती त्याची रेषा मानतात. चेंडूमागे त्या रेषेवरून जाणाऱ्या खेळाडूचा त्या मार्गावर हक्क असतो आणि त्याच्या पुढ्यातून धोकादायक अंतरावर कोणी आडवे जायचे नसते. घोडबंदर रस्त्यावर मुख्य मार्गिकेतून वेगाने येणाऱ्या गाडीसमोर सेवा रस्त्यावरून एकदम शिरणारा चालक जसा अपघाताला निमंत्रण देतो, तसेच हे आहे. बाजूने समांतर येऊन, घोड्याच्या खांद्याला आपल्या घोड्याचा खांदा लावून प्रतिस्पर्ध्याला रेषेवरून ढकलत नेणे मात्र नियमात बसते. स्टिक प्रत्येकाने उजव्या हातातच धरायची असते, कारण समोरासमोर आलेल्या दोघांपैकी एक डावखुरा असेल तर दोन्ही घोडे एकमेकांवर आदळण्याची भीती असते. त्यामुळे लगाम डाव्या हातात राहतो आणि एका हाताच्या हलक्या इशाऱ्यावर वळणारा घोडा लागतो.

## आता तो अर्धा गोल

पोलोत प्रत्येक नोंदणीकृत खेळाडूच्या नावापुढे एक आकडा असतो. उणे दोनपासून दहापर्यंतच्या या आकड्याला हँडिकॅप म्हणतात. नवखा उणे दोनवर असतो, तर जगातील मोजके श्रेष्ठ खेळाडू दहावर. ही पद्धत १८८८ साली अमेरिकेत सुरू झाली आणि पुढे सर्वत्र रुळली. येथे एक गैरसमज आधीच दूर करायला हवा. तीनचा खेळाडू सामन्यात तीन गोल करतो, असा या आकड्याचा अर्थ नाही. त्याची मांड, फटका, चेंडू कुठे जाणार याचा अंदाज आणि संघातले स्थान सांभाळण्याची जाण, हे सगळे पाहून जाणकारांची समिती तो ठरवते आणि वेळोवेळी बदलते.

चौघांच्या आकड्यांची बेरीज हा संघाचा हँडिकॅप. दोन संघांच्या बेरजांतला फरक घ्यायचा, त्याला चकरांच्या संख्येने गुणायचे आणि सहाने भागायचे. जे उत्तर येईल, तेवढे गोल दुबळ्या संघाच्या खात्यावर खेळ सुरू होण्यापूर्वीच जमा होतात. अपूर्णांक आला तर तो अर्धा गोल धरतात. समजा, एका संघाची बेरीज सहा, दुसऱ्याची चार आणि सामना चार चकरांचा आहे. फरक दोन, दोनदा चार आठ, आठ भागिले सहा म्हणजे एक पूर्णांक एक तृतीयांश. म्हणून दुबळा संघ दीड गोल घेऊनच मैदानात उतरतो. पुढे त्याने पाच गोल केले आणि बलवान संघाने सहा, तर फलक साडेसहा विरुद्ध सहा असा होतो आणि कमी गोल करणारा संघ जिंकतो. काकांच्या बातमीतले गणित हे असे आहे.

गल्लीतल्या खेळात लहानग्याला 'कच्चा लिंबू' म्हणून सूट द्यायची आपली जुनी रीत आहे. तिच्यामागचा हेतू हाच, की धाकट्याने काठावर बसून न राहता थोरांबरोबर खेळावे. फरक एवढाच की कच्च्या लिंबूचा खेळ कोणी मोजत नाही, पोलोत मात्र नवख्याचे कच्चेपणही आकड्यात मोजून हिशेबात धरलेले असते.

## मर्यादा आणि तिच्यामुळे मिळणारी जागा

या व्यवस्थेचा खरा गुण स्पर्धेच्या मर्यादेत दिसतो. बहुतेक स्पर्धांना कमाल बेरीज ठरवून दिलेली असते. चार गोलांची स्पर्धा, आठ गोलांची, दहा गोलांची असे त्यांना म्हणतात. सहाच्या मर्यादेच्या स्पर्धेत पाच आणि तीनचे दोन कसलेले खेळाडू घेतले तर बेरीज आठ होते, म्हणून उरलेल्या दोघांची बेरीज उणे दोन किंवा त्याखाली असावीच लागते, उदाहरणार्थ दोघेही उणे एकचे. अनुभवी खेळाडूने नवख्याला सोबत घेऊन खेळावे, हे इतर खेळांत प्रशिक्षकाच्या इच्छेवर सोडलेले असते. येथे ते बेरजेनेच अटळ केले आहे. कर्णधाराचा सारा शोध मग अशा खेळाडूसाठी चालतो, जो आपल्या आकड्यापेक्षा सरस खेळतो: शून्यावर असलेला, परंतु हिवाळाभर मेहनत करून एकच्या तोडीचा झालेला.

याला एक दुसरी बाजूही आहे आणि ती फारशी बोलली जात नाही. हंगामाच्या अखेरीस अशा होतकरू खेळाडूचा आकडा वाढला की कालपर्यंत त्याला आग्रहाने बोलावणाऱ्या संघाच्या बेरजेत तो बसेनासा होतो. नव्या आकड्याला साजेसा खेळ आणि साजेसे घोडे मिळेपर्यंत त्याचे एखादे वर्ष अवघड जाते. माझ्या मते खेळाडूच्या घडणीतला सर्वांत नाजूक टप्पा हाच आहे, कारण पहिले कौतुक मिळून गेलेले असते आणि पुढची पायरी उंच असते.

## शिलेदार आणि बारगीर

लष्कराचे वेगळेपण समजायला आपल्याच इतिहासातले दोन शब्द पुरेसे आहेत. मराठ्यांच्या घोडदळात स्वतःचा घोडा आणि हत्यारे घेऊन येणारा तो शिलेदार, आणि ज्याला सरकारी पागेतून घोडा मिळतो तो बारगीर. शिवकाळात पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे, आणि त्यांच्या घोड्यांसाठी एक पखालजी व एक नालबंद नेमलेला असे. लढणाऱ्यामागे पाणी आणणारा आणि नाल ठोकणारा हवा, हे तेव्हाच ओळखलेले होते.

आजचे खासगी पोलो हे शिलेदारांचे आहे. पदरी घोडे बाळगणारा धनिक संघ उभा करतो आणि व्यावसायिक खेळाडूंना मोबदला देऊन बोलावतो. लष्करी पोलो बारगिरांचे आहे. घोडे सरकारी, तबेला रेजिमेंटचा, सईस (घोड्यांची निगा राखणारे) आणि नालबंद पगारी, आणि औषधपाणी लष्कराच्या रिमाउंट व व्हेटरनरी कोअरच्या डॉक्टरांकडे. घोड्यांची पैदास, निवड आणि प्राथमिक शिकवण हेही याच कोअरचे काम असून तिचे केंद्र मेरठला आहे.

या साऱ्याच्या मध्यभागी जयपूरची ६१ वी कॅव्हलरी आहे. ग्वाल्हेर, जोधपूर, म्हैसूर अशा संस्थानांच्या घोडदळांच्या उरलेल्या तुकड्या एकत्र करून १९५३ साली ती उभारली गेली, आणि अजूनही घोड्यावर असलेल्या जगातील थोड्या रेजिमेंटमध्ये तिची गणना होते. राजपूत आणि कायमखानी यांच्याबरोबर तिच्यात मराठा जवानही असतात, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते. पोलो खेळणारे तेथे फक्त अधिकारी नसतात. दफेदार आणि रिसालदार अशा, अधिकाऱ्यांच्या खालच्या हुद्द्यांचे घोडेस्वारही संघात असतात.

घोडे आधी, खेळाडू नंतर, हा क्रम किती जुना आहे याचा एक दाखला मुंबईतलाच आहे. १८९६ साली फोर्थ हुसार्स ही ब्रिटिश रेजिमेंट मुंबईच्या बंदरात उतरली. तिच्यातला विन्स्टन चर्चिल नावाचा तरुण अधिकारी ससून डॉकच्या पायऱ्यांवर उतरताना भिंतीतल्या लोखंडी कडीला लटकला, त्याचा उजवा खांदा निखळला आणि ते दुखणे त्याला जन्मभर पुरले. त्या रेजिमेंटने तळावर पोहोचून घोडे जमवण्यात वर्षे घालवली नाहीत. तिने पूना लाइट हॉर्सची पोलोच्या घोड्यांची तयार पागाच विकत घेतली. त्या पागेची ख्याती मोठी होती, कारण समुद्रमार्गे येणारे अरबी घोडे भायखळ्याच्या तबेल्यांत उतरत आणि पुण्याच्या रेजिमेंटला त्यांतून आधी निवड करता येई. १८९९ साली मेरठच्या आंतररेजिमेंट स्पर्धेत फोर्थ हुसार्स विजयी झाली, तेव्हा चर्चिल दंड शरीराशी बांधून खेळला होता. भायखळ्याच्याही पूर्वी घोडबंदरला अरबी घोडे उतरत आणि त्यावरूनच त्या गावाचे नाव पडले, असे आपल्याकडे सांगितले जाते. ठाण्याच्या खाडीकाठाला घोड्यांचा व्यापार परका नव्हता, एवढे त्या नावातून दिसते.

## वर्षभराचे गणित

प्रेक्षकाला हंगाम दिसतो तो ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होऊन मार्चपर्यंत संपणारा. पावसाने भिजलेल्या जमिनीवर टापा रुततात, हिरवळ उखडते आणि घोड्याचे पाय दुखावतात, म्हणून पावसाळा संपून मैदान घट्ट होईपर्यंत थांबावे लागते. इंग्लंडमध्ये याच कारणाने उलटे घडते आणि तेथील हंगाम मे ते सप्टेंबर असतो. आपल्याकडे जयपूर, दिल्ली, हैदराबाद, मुंबई असे हंगाम थोड्या अंतराने येतात आणि घोडे एका शहरातून दुसरीकडे न्यावे लागतात. सर्व नियम, नोंदणी आणि हँडिकॅप यांचा कारभार १८९२ साली स्थापन झालेल्या इंडियन पोलो असोसिएशनकडे आहे. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयापेक्षा ती संस्था एका वर्षाने मोठी आहे.

उरलेले सहा महिने मात्र कोणाला दिसत नाहीत, आणि हंगामाचा निकाल बराचसा तेथेच ठरतो. भाकरी का करपली, पाने का सडली, घोडा का अडला, या जुन्या कोड्याचे उत्तर एकच: न फिरवल्यामुळे. एप्रिलनंतर घोड्यांना विश्रांती देतात, नाल काढतात, चंदी, म्हणजे धान्याचा खुराक, कमी करून वैरणीवर ठेवतात. पुढे हंगामाच्या दीड-दोन महिने आधी पुन्हा रपेट सुरू होते. प्रथम कित्येक दिवस नुसते चालणे, मग दुडकी, मग संथ दौड, आणि स्नायू तयार झाल्यावरच चेंडूचा सराव. नवा घोडा असेल तर ही वाट आणखी लांब. शर्यतीतून निवृत्त झालेला घोडा सरळ धावायला शिकलेला असतो. त्याला थांबायला, वळायला, कानाजवळून फिरणाऱ्या स्टिकला न बिचकायला आणि दुसऱ्या घोड्याचा धक्का सोसायला शिकवण्यात एक-दोन वर्षे सहज जातात.

## खेळाडू लाकडी घोड्यावर सुरू होतो

नवख्याला पहिल्याच दिवशी घोड्यावर बसवून स्टिक हाती देत नाहीत, कारण चुकलेला फटका घोड्याच्या पायावर बसतो. त्याआधी दोन गोष्टी वेगवेगळ्या शिकवतात. एक म्हणजे मांड: रिकिबीवर उभे राहून, लगामाला लोंबकळल्याशिवाय, फक्त मांड्यांच्या पकडीवर तोल सांभाळता येणे. दुसरी म्हणजे फटका, आणि तो लाकडी घोड्यावर शिकवतात. जाळीने वेढलेल्या, उतरत्या जमिनीच्या चौकोनात हा घोडा रोवलेला असतो आणि मारलेला चेंडू उतारावरून परत त्याच्यापाशी येतो. उजव्या बाजूने पुढे, उजव्या बाजूने मागे, डाव्या बाजूने पुढे, डाव्या बाजूने मागे, हे चार मूळ फटके शेकडो वेळा घोटून घेतात. गायक स्वर घोटतो तशीच ही साधना आहे, आणि तिला जवळची वाट नाही.

दोन्ही गोष्टी जमल्या की खऱ्या घोड्यावर एकट्याने चेंडूचा सराव, मग संथ सरावचकरा, मग खालच्या मर्यादेची स्पर्धा. चौघांत पहिला क्रमांक पुढे राहून गोल करण्याचा, चौथा पाठ राखण्याचा, आणि तिसरा बहुधा संघातल्या सर्वांत जाणत्याचा असतो. नवख्याला सहसा पहिल्या क्रमांकावर ठेवतात, कारण तेथे त्याची चूक सुधारायला मागे तिघे असतात.

लष्करात घोडे पेंड खाते ते बदलीपाशी. अधिकाऱ्याला दोन हंगाम चांगले मिळतात, आकडा वाढू लागतो आणि मग त्याची नेमणूक सीमेवर होते, जिथे पोलोचे मैदान नसते. घोडा जयपुरात राहतो आणि स्वार दोन-तीन वर्षांनी परततो. सैनिकाचे पहिले काम सैनिकाचेच असते, त्यामुळे याला दोष म्हणता येणार नाही. परंतु लष्करी खेळाडूंच्या आकड्यांकडे पाहताना ही खंडित वर्षे लक्षात घेतली पाहिजेत.

## रणगाड्यांच्या काळात घोडे कशाला?

हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. २०२० साली ६१ व्या कॅव्हलरीला रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये रूपांतरित करण्याच्या प्रस्तावाची चर्चा वर्तमानपत्रांत झाली होती. घोडदळ युद्ध जिंकून देईल असे आज कोणीही म्हणणार नाही. संस्थानांच्या घोडदळांनी शेवटचा मोठा पराक्रम गाजवला तो पहिल्या महायुद्धात, २३ सप्टेंबर १९१८ रोजी आजच्या इस्रायलमधील हैफा येथे, आणि दिल्लीचा तीन मूर्ती चौक त्याची आठवण म्हणून उभा आहे. घोड्यांच्या बाजूने सांगण्यासारखे इतके आहे की राष्ट्रपतींच्या अंगरक्षक दलापासून संचलनापर्यंतच्या समारंभी कामासाठी घोडे ठेवावेच लागतात, आणि वेगात, अपुऱ्या माहितीवर, दुसऱ्या जिवाची जबाबदारी घेऊन निर्णय करण्याची सवय पोलोत लागते. हा दुसरा मुद्दा मला पटतो. तरीही त्यासाठी खर्च किती करावा, हा संसदेत आणि अर्थसंकल्पात मोकळेपणाने विचारण्याचा प्रश्न आहे.

## घोड्यांचे हाल होत नाहीत का?

होऊ शकतात, आणि म्हणूनच नियम आहेत. पायांना जाड पट्ट्या बांधतात, स्टिक अडकू नये म्हणून शेपटी वेणी घालून आवळतात, लंगडणारा घोडा पंच मैदानाबाहेर काढतो आणि चक्कर लहान ठेवले आहे ते मुख्यतः घोड्यासाठीच. धोका तरीही उरतो, आणि तो स्वारालाही असतो. जयपूरचे महाराज सवाई मानसिंह, ज्यांच्या संघाने १९३३ साली इंग्लंडचा हंगाम गाजवला, ते १९७० साली इंग्लंडमधील सायरेन्सेस्टर येथे पोलो खेळतानाच कोसळले आणि वारले. चांगल्या तबेल्याची ओळख सामन्यात नव्हे, सामन्यानंतरच्या तासाभरात होते: घोडा थंड होईपर्यंत कोण त्याला फिरवतो, पाय कोण चाचपून पाहतो, खरारा कोण करतो. लष्करात हे काम स्वाराने स्वतः शिकायचे असते आणि माझ्या दृष्टीने ती या व्यवस्थेची सर्वांत चांगली बाजू आहे.

## ठाण्याच्या मुलामुलींना वाट कोणती?

पैशाची वाट महालक्ष्मीवरून जाते. तेथील अॅमेच्योर रायडर्स क्लबमध्ये घोडेस्वारी शिकता येते, परंतु पुढे पोलोसाठी घोडे पाळणे हे शिलेदाराचेच काम आहे. बारगिराची वाट लांब असली तरी खुली आहे. बारावीच्या वर्षी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा देता येते आणि खडकवासल्याच्या प्रबोधिनीत छात्रांना घोडेस्वारीचे शिक्षण मिळते. २०२२ पासून मुलींनाही तेथे प्रवेश आहे आणि त्यांची पहिली तुकडी २०२५ साली बाहेर पडली. कळव्याच्या किंवा ऐरोलीच्या ज्या मुलाने आयुष्यात लग्नाच्या वरातीपलीकडे घोडा पाहिलेला नसतो, तो तेथे पहाटे खोगीर चढवायला शिकतो, दोन-चारदा पडतो, मांड पक्की करतो आणि त्याच्यात गोडी दिसली तर लाकडी घोड्यापर्यंत पोहोचतो. पुढे अधिकारी झाल्यावर एखाद्या हिवाळ्यात त्याला सरावचकरा मिळतात, नोंदणी होते आणि खेळाडूंच्या यादीत त्याचे नाव येते. त्या नावापुढे पहिला आकडा असतो, उणे दोन.